एकाच प्रजातीचे दोन गट वेगळे पडले, तर नवी प्रजाती कशी तयार होते?

मुख्य गोष्ट म्हणजे दोन गटांमधली सोयरीक तुटणे. मध्ये डोंगर किंवा समुद्र आला की एका गटातला जनुकीय बदल दुसऱ्यात पोहोचत नाही. दोन्हीकडे वेगवेगळे बदल पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात. काही उपयोगी म्हणून टिकतात, काही निव्वळ योगायोगाने. गट लहान असेल तर योगायोगाचा वाटा मोठा. ‘हवामान बदललं म्हणून प्राणी बदलला’ हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरं आहे.

मला सर्वांत आवडणारं उदाहरण पनामाचं. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी तिथली जमिनीची पट्टी सलग झाली आणि पॅसिफिक व कॅरिबियन समुद्र एकमेकांपासून तुटले. तिथे मोठी नांगी मिटून फटाक्यासारखा आवाज काढणारी कोळंबी असते. जीवशास्त्रज्ञ नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही किनाऱ्यांवरचे नर-मादी एकत्र ठेवून पाहिले. दिसायला जवळपास सारखे, पण जुळण्याऐवजी बहुतेक एकमेकांवर धावून गेले. त्यांच्यापासून पिल्लं अगदी क्वचित झाली.

या कोळंबीच्या अशा अनेक जोड्या आहेत: एक प्रजाती पॅसिफिककडची, तिची जवळची नातलग कॅरिबियनकडची. त्यातही खोल पाण्यातल्या जोड्यांमध्ये जनुकीय फरक जास्त, खारफुटीतल्या जोड्यांमध्ये कमी. कारण समुद्रतळ वर येताना खोल पाण्याची वाट आधी बंद झाली आणि उथळ पाण्याची सर्वांत शेवटी. किती सुंदर पुरावा आहे हा!

अडसर लवकर हटला, तर मात्र दोन्ही गट पुन्हा एकमेकांत मिसळू शकतात आणि नवी प्रजाती होतच नाही.