पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या साठलेल्या थरांच्या) दलदलीत वनस्पती जितक्या दाट, तितका मिथेन कमी, हे खरे आहे का?

खरे नाही. आमचे थोरले मेव्हणे नेमके हेच वाक्य गेली कित्येक वर्षे मला ऐकवत आले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैठणजवळ नाथसागराच्या फुगवट्याला लागून त्यांची जमीन आहे आणि काठाने पाणकणसाचे रान माजलेले आहे. हे रान हवा शुद्ध करते, असे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. एकदा मी पाण्याने भरलेली बाटली उपडी धरून तिच्या तोंडाला नरसाळे लावले, वेळूने चिखल ढवळला आणि वर आलेले बुडबुडे बाटलीत गोळा केले. काडी लावताच फिकट निळी ज्योत उठली. इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ मध्ये हाच वायू गोळा केला होता. मेव्हणे शांतपणे म्हणाले, "हा तर चिखलाचा वायू, त्यात झाडाचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो पाणकणसाचे पान आडवे कापले की दिसतो: आत हवेच्या पोकळ्यांचे कप्पेच कप्पे असतात. मिथेन चिखलातील आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे सूक्ष्मजीव, तयार करतात, हे खरे. पण त्यांना खाद्य पुरवतात ते मुळांतून झिरपणारे कार्बनी पदार्थ. शिवाय पृष्ठभागाजवळच्या प्राणवायूयुक्त थरात मिथेन खाणारे जिवाणू असतात, त्यांना चुकवून हा वायू या पोकळ्यांतून, धुराड्यातून निघावा तसा, थेट हवेत जातो. उन्हाने पानांत दाब वाढला की पाणकणसातला हा प्रवाह जोर धरतो. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या पीटमध्ये कापूसगवत आणि कॅरेक्ससारख्या गवतवजा वनस्पती हेच काम करतात. त्याच पोकळ्यांतून प्राणवायूही मुळांपर्यंत उतरतो आणि तिथे थोडा मिथेन नष्ट होतो, एवढे मेव्हण्यांच्या बाजूने मान्य करतो.

पीटमध्येच वाढणाऱ्या स्फॅग्नम शेवाळाची गोष्ट निराळी. त्याला मुळे नसतात, पोकळ नळ्याही नसतात. उलट त्याच्या मृत पेशींत मिथेन खाणारे जिवाणू राहतात आणि त्यातून बनणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ स्वतःच वापरू शकते. म्हणजे वनस्पती किती, यापेक्षा कोणती, हे आधी विचारावे.

मराठवाड्यात पीट नाही, आणि आमचा काठ उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यामुळे उत्तरेकडचे आकडे इथे लावू नयेत. पाण्याची पातळी आणि तापमान यांचाही वाटा मोठा असतो. मात्र मिथेनच्या भीतीने पीटमधले पाणी काढून टाकणे हा शुद्ध मूर्खपणा होईल, कारण कोरडे पडलेले पीट कुजून शतकानुशतके साठलेला कार्बन हवेत सोडते.

मोजमाप करणार असाल, तर वायू गोळा करणारे झाकण रोपांनाही आत घेऊन ठेवा. मेव्हण्यांनी त्यांच्या पुतण्याकडून मोजणी करवून घेतली, तेव्हा झाकण दोन झुडपांमधल्या मोकळ्या पाण्यावर ठेवले होते. तो आकडा मी आजही मानत नाही.