‘आम्हीपणा’ आणि ‘आपलेपणा’

नाशिकरोडच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, मानसशास्त्राच्या तासाला स्वतःच्या गटाविषयीच्या भावनेला ‘आम्हीपणा’ म्हणावे की ‘आपलेपणा’, आणि हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का. ‘सोशल आयडेंटिटी’ला ‘सामाजिक ओळख’ म्हणावे की ‘सामाजिक अस्मिता’, असा त्यांचा आणखी एक प्रश्न आहे.

माझ्या मते पहिले दोन शब्द एकमेकांच्या जागी चालणार नाहीत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला वगळतो, ‘आपण’ म्हणताना त्याला सामावून घेतो. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा हाच भेद आहे, तमिळ-तेलुगूतही तो आढळतो. प्रमाण हिंदीत मात्र एकट्या ‘हम’ला दोन्ही कामे करावी लागतात. (डॉक्टर रुग्णाला ‘आपण आता ही गोळी घेऊ’ म्हणतात, तेव्हा गोळी एकट्या रुग्णालाच घ्यायची असते, हा अपवाद सोडून देऊ.)

जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीत बांधलेले रंगाचे हौद, उघडतात. तिवंधा चौकातला माणूस शनि चौकातल्या मित्राशी बोलताना ‘आमची रहाड’ म्हणेल. तेच दोघे बाहेरगावच्या पाहुण्याला ‘आमच्या नाशकात’ असे सांगतील आणि एकमेकांत बोलताना त्याच शहराला ‘आपले नाशिक’ म्हणतील. समोर कोण उभे आहे यावर गटाची सीमा सरकते आणि सर्वनाम तिच्यामागे जाते. मानसशास्त्रज्ञ जॉन टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेला स्व-वर्गीकरणाचा सिद्धांत नेमके हेच सांगतो की, स्वतःला कोणत्या गटात मोजायचे हे प्रसंगानुसार बदलते.

ही सीमा पडायला फार मोठे कारण लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना, क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोण आवडतो त्यावरून गट पाडले आहेत, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात विभागणी यादृच्छिक होती. मग प्रत्येकाला दोन्ही गटांतल्या इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितले. गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हते आणि वाटपातून स्वतःला काही मिळणारही नव्हते, तरीही त्यांनी स्वगटाला झुकते माप दिले; कित्येकदा तर स्वगटाचा लाभ थोडा कमी झाला तरी चालेल, पण परगटाशी अंतर राहावे, असे वाटप केले. याला ‘आपलेपणा’ म्हणता येणार नाही, कारण त्या शब्दात जिव्हाळा आहे आणि या मुलांची एकमेकांशी गटातले म्हणून ओळखही नव्हती. येथे ‘आम्हीपणा’च योग्य, कारण त्यात ‘ते’ गृहीत आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. ‘अस्मिता’ला अभिमानाचा आणि राजकारणाचा रंग चढला आहे, ताजफेल यांनी केलेल्या ‘सोशल आयडेंटिटी’च्या व्याख्येत मात्र गटाच्या सदस्यत्वाची जाणीव आणि त्या सदस्यत्वाला माणूस देत असलेले मूल्य व भावनिक महत्त्व, हे सारे येते, आणि ते मूल्य उणेही असू शकते. म्हणून मी ‘सामाजिक ओळख’ वापरीन, फक्त ‘महापालिकेत त्यांची ओळख आहे’ या अर्थाची ही ओळख नव्हे, एवढे पहिल्याच तासाला सांगून ठेवावे.