बाकावर बसून होते तीही प्रार्थनाच

प्रिय लेकी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र पोचलं. "बाई, प्रार्थनेला बसते, पण शब्दच फुटत नाहीत. माझा विश्वास उडाला का?" असं तू विचारलंस. नाही गं. तू दमली आहेस. आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी, आईच्या हातात त्या दोन जाड सुया, चार तास डायलिसिसचं मशीन, परत येताना तिची गळून गेलेली मान तुझ्या खांद्यावर. घरी आल्यावर पाणीसुद्धा मोजून द्यायचं. तिने मागितलं की बर्फाचा एक खडा तोंडात ठेवायचा आणि आपण तोंड फिरवायचं. वर नोकरी, वर हप्ते. एवढं ओढून दमलेल्या माणसाची प्रार्थनाही दमलेलीच असणार, आणि प्रभूला ती तशी चालते.

एलीया संदेष्ट्याचं आठवतं ना? संडेस्कूलमध्ये आपण कर्मेल डोंगरावरचा अग्नी घेतला होता, पण त्याच्या पुढचा अध्याय मुलांना कोणी फारसा शिकवत नाही. तोच एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला बोल लावत नाही. दूत येतो, त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खाऊ घालतो, कारण वाट लांबची आहे. बोलणं त्यानंतर. म्हणून तुला पहिलं सांगणं हेच, की आई मशीनवर असताना तू उपाशी बसू नकोस. डबा ने आणि खा.

दुसरं प्रार्थनेचं. मोठी, सुंदर, चढत्या आवाजातली प्रार्थना सध्या तुझ्याकडून होणार नाही. नको करू. स्तोत्रसंहिता उघड आणि तिथले शब्द उसने घे. १३वं स्तोत्र सुरूच होतं ते 'कुठवर?' या प्रश्नाने, आणि तो प्रश्न तिथे एका दमात चारदा येतो. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला ऐकवायला लाज वाटावी असं काही तुझ्या मनात असेल, तर ते तुझ्याआधी कोणीतरी त्याला ऐकवून ठेवलंय. आईला मशीनला जोडली की एक स्तोत्र वाच. मनातल्या मनात वाचलंस तरी चालेल. मग आईचं नाव घे, शेजारच्या खाटेवर जो कोणी असेल त्याचं घे, आणि थांब. मधेच मशीन वाजलं, सिस्टर धावत आल्या आणि वाचन राहिलं, तर राहू दे. पुढच्या खेपेला तिथूनच सुरू कर.

रोज तेच ते मागते म्हणून तुला संकोच वाटतो. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलला, असं मत्तयाने स्पष्ट लिहून ठेवलंय. नवे शब्द त्यालाही लागले नाहीत. आणि बघ, त्याने तिथे सोबत मागितली. पेत्र आणि जब्दीचे दोघे मुलगे यांना 'माझ्याबरोबर जागे राहा' असं सांगितलं. ते झोपले, ती गोष्ट वेगळी. पण मागायला तो लाजला नाही. तू मात्र पाळकसाहेबांनाही धड काही सांगितलेलं नाहीस. रविवारी मागच्या बाकावर बसतेस आणि आशीर्वाद होताच निघून जातेस, हे माझ्या कानावर आलंय. या रविवारी थांब. महिला मंडळाच्या बायकांना सांग, की आठवड्यातली एक खेप तुमच्यापैकी कोणी आईबरोबर जाल का. नुसतं 'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हणू नकोस, वार आणि वेळ सांग. आणि दवाखान्यात आरोग्यमित्राची खिडकी असते, तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी कर. डायलिसिस त्या योजनेत बसतं. हेही विश्वासाचंच काम आहे.

आता ज्याने माझं रक्त तापलं ते. कोणीतरी तुला म्हणालं, की तुमचा विश्वास कमी पडतोय, मशीन सोडा आणि प्रभूवर टाका. हे अजिबात ऐकायचं नाही. एकही डायलिसिस चुकवायचं नाही. प्रभू बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि तरीही सांगते. पौलाच्या अंगावरची फडकी नेली तरी लोक बरे होत, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलं, की आपल्या सोबतच्या त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. मग काय पौलाचा विश्वास कमी पडला? की त्रफिमाचा? जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट जमिनीवर बसले, तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि हेच बोलले. शेवटी देवाचा राग कोणावर झाला ते वाच. त्या माणसाशी वाद घालू नकोस. आईच्या कानावर मात्र ते पडू देऊ नकोस, ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसेल.

पंडिता रमाबाईंबद्दल तू शाळेत निबंध लिहिला होतास. आता त्यांचं आयुष्य पुन्हा काढून वाच, पण या वेळी त्यांच्या माणसांची मरणं लक्षात ठेवून वाच. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली. १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा, आणि पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतर दुःखं काही थांबली नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होत होती, आणि तिथेच विहिरी खणल्या जात होत्या, धान्य येत होतं, छापखाना चालत होता. १९२१ साली मनोरमाही गेली. एकुलती एक, मुक्ती मिशनचं सगळं जिच्यावर सोपवायचं ती. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचा मराठी अनुवाद करत होत्या. लेकीमागे त्या वर्षभरही राहिल्या नाहीत, एप्रिल १९२२मध्ये गेल्या. पण तो अनुवाद त्यांनी टाकून दिला नाही. त्या दिवसांत त्यांना आत काय वाटत असेल ते मी कशी सांगू? त्या टेबलाशी बसत राहिल्या एवढं आपल्याला माहीत आहे, आणि मला वाटतं तुला आज तेवढंच पुरे. मन भरून येण्याची वाट बघू नकोस. वेळ झाली की बस. मन येईल तेव्हा येईल.

एक राहिलं. आईला विचार, तिला कोणतं गीत ऐकावंसं वाटतं. 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी तिला तोंडपाठ होती, कीर्तनाला सूर तीच धरायची. तुझ्याच्याने गाणं होत नसेल तर तिला म्हणू दे आणि तू ऐक.

कोणत्या वारी कोण येणार ते ठरलं की कळव. शुक्रवार मोकळा राहिला तर मी येते, गुडघ्यांचं बघू नकोस. दर बुधवारी आमच्या घरच्या प्रार्थनेत तुम्हा दोघींची नावं घेतो, ती चालूच आहेत.

तुझ्या बाई