हवेच्या पैशातनं फूटपाथ होईल का?

प्रश्न: ताई, माझी मुलगी होटगी रोडवरनं चालत शाळेत जाते. कडेला नुसता फुफाटा, ट्रक गेला की ओढणीनं तोंड झाकायचं आणि त्याच वेळी बाजूला पण पळायचं. हवेसाठी केंद्राचा निधी येतो म्हणे, त्यातनं काही होईल का? – एक आई, सोलापूर

उत्तर: होऊ शकतं, आणि मागायलाच पाहिजे बघा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 ला सुरू झाला, त्याच्या यादीत सोलापूर आहे, आणि पैसा शहराच्या हवा सुधारायच्या कृती आराखड्यातल्या कामांना मिळतो. आता डांबराच्या कडेची उघडी माती चाकाखाली येते नि दिवसभर उडत राहते, तिथं पेव्हर ब्लॉकचा फूटपाथ केला की धूळ पण बसते आणि पोरांना चालायला जागा पण होते, म्हणून अर्जात आधी धूळ लिहा, मग शाळा. नुसता सिग्नल किंवा स्पीडब्रेकर हवा असेल तर तो वाहतूक शाखेकडं वेगळा मागा.

आणि हो, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेप्रमाणं फूटपाथ निदान 1.8 मीटर मोकळा पाहिजे, हे आवर्जून लिहा, नाहीतर मधेच विजेचा डीपी येतो, टपरी येते नि पोरं परत रस्त्यावर! शाळा सुटतानाचे फोटो जोडा, पालकांच्या सह्या घ्या, पोच घेतल्याशिवाय महापालिकेतनं हलू नका.