गोव्यात शाळेत संगीत शिकवतो, विशारद झालोय. आता पुढे कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

आणखी एका गायनपरीक्षेच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत. तुम्हाला गाता येतं. चाळीस मुलांच्या वर्गाला गातं करणं हे वेगळं कसब आहे. सेवेतल्या शिक्षकांसाठी दिल्लीच्या सीसीआरटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, शिबिरं असतात. नाव शिक्षण खात्यामार्फत जातं, म्हणून मुख्याध्यापकांच्या कानावर आत्ताच घाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, तेही दाखवा.

आणि घुमट, ते मातीच्या भांड्याचं तालवाद्य! २०१९ पासून ते गोव्याचं वारसा वाद्य आहे. गणेश चवथीआधी महिनाभर गावातल्या आरती पथकासोबत बसा. कागदावर काही न लिहिता पोरं ताल कसा उचलतात, ते तिथे दिसेल. प्रमाणपत्र मिळणार नाही, तरी बसाच.