भाजलेल्या मानेची सर्जरी म्हणजे दिसण्याचे चोचले का?

तुमच्या बहिणीची हनुवटी भाजल्यानंतर छातीकडे ओढली गेली आहे आणि सासरचे म्हणतात, प्लास्टिक सर्जरी म्हणजे चोचले. इंदूरच्या मराठी घरांत हे फार ऐकलंय. मान वर होत नाही, ओठ ओढला जाऊन लाळ गळते, त्यात कसले चोचले? धडधाकट नाक आणखी सरळ करणं ही कॉस्मेटिक, तुमच्या बहिणीची ही रिकन्स्ट्रक्टिव्ह, म्हणजे बिघडलेलं पुन्हा घडवणारी. सासरच्यांना हेही ऐकवा: टिपू सुलतानाच्या लोकांनी कापलेलं कावसजी गाडीवानाचं नाक पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या माणसानं कपाळाची कातडी वळवून बनवलं. 1794 मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं, तेव्हा तिथले सर्जन जागे झाले.

ऑपरेशनमध्ये आखडलेला वण आडवा कापून मान मोकळी करतात. वरून लहान वाटणारा वण, पण खड्डा केवढा तरी मोठा निघतो. तो भरायला मांडीवरून साधारण 0.3 ते 0.4 मिमी जाडीची कातडी काढून बसवतात, हाच ग्राफ्ट. पहिले दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग रक्तवाहिन्या जुळतात. खाली रक्त साकळलं, पू झाला किंवा ती सरकली, की ग्राफ्ट गेला. म्हणून साधारण पाचव्या दिवसापर्यंत ड्रेसिंग उचकटून बघायचं नाही, भेटायला आलेल्या काकूंनी तर मुळीच नाही. मांडीची जखम दोनेक आठवड्यांत भरते, पण सुरुवातीला मानेपेक्षा तीच जास्त दुखते.

खरी गोची पुढे. पातळ ग्राफ्ट पुन्हा आखडतो. म्हणून डोक्याखालची उशी बंद, खांद्याखाली गुंडाळी, मानेला स्प्लिंट (मान ताठ धरणारा कडक आधार), आणि जखम भरल्यावर प्रेशर गारमेंट, म्हणजे वणावर दाब देणारा घट्ट कपडा, दिवसाचे जवळजवळ 23 तास, सहा महिने ते वर्षभर. इंदूरच्या मे महिन्यात घाम येतो, खाज सुटते. दोन जोड शिवून घ्या. 'बिचारीला उकडतंय' म्हणून घरचेच ते काढून ठेवतात, हनुवटी परत खाली येते आणि खापर सर्जनवर फुटतं.

आणखी एक, मान वाकलेली असताना भुलीची नळी घालणं अवघड असतं, तेव्हा अशा केसेस केलेला भूलतज्ज्ञ आहे ना, आधी विचारा. वण अजून लाल, कडक असेल तर डॉक्टर काही महिने थांबवतीलही. पापणी ओढली जाऊन डोळा मिटत नसेल तर मात्र थांबू नका. रंग शेजारच्या कातडीशी तंतोतंत जुळणार नाही. विम्यात कॉस्मेटिक वगळलेलं असलं तरी भाजल्यानंतरची पुनर्रचना सहसा त्यात मोडत नाही. कागदांवर 'पोस्ट बर्न कॉन्ट्रॅक्चर' (भाजल्यानंतरचं आखडणं) आणि मान किती वळते हे लिहून घ्या.