वाचकांचे प्रश्न : परदेशी विद्यापीठाची तयारी कुठून सुरू करायची?

प्रश्न : साधारण दीड वर्षानं परदेशात मास्टर्सला जायचं मनात आहे. देश अजून ठरलेला नाही. पहिलं काम कोणतं?

उत्तर : देश ठरला नाही हे बरंच झालं. आधी अभ्यासक्रम बघा. आपल्या विषयाचे दहा-बारा अभ्यासक्रम निवडा आणि प्रत्येकाच्या प्रवेशाच्या अटी विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचा. जागतिक क्रमवारीच्या याद्यांवर फार वेळ घालवू नका, कारण एकाच विद्यापीठातल्या दोन विभागांच्या अटीसुद्धा सारख्या नसतात. एक तक्ता करा : पदवीची अट, भाषा-परीक्षेचे गुण, अर्जाची शेवटची तारीख, अर्जाचं शुल्क, फी, शिफारसपत्रं किती. शेवटच्या रकान्यात ही माहिती तुम्ही कोणत्या दिवशी तपासली ते लिहा. अटी दरवर्षी बदलतात, आणि गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबून अर्ज हुकल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

मग तारखांवरून उलटं मोजत या. अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रासाठी बरेच पदव्युत्तर अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीतच बंद होतात. जर्मनीत ऑक्टोबरच्या सत्रासाठी १५ जुलै ही तारीख सर्रास सांगितली जाते, पण परदेशी पदवी असलेल्यांसाठी अनेक मास्टर्सची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. ऑस्ट्रेलियात मुख्य सत्रं फेब्रुवारी आणि जुलैच्या सुमारास सुरू होतात. डिसेंबरात अर्ज करायचा असेल तर भाषा-परीक्षा सप्टेंबरपर्यंत उरकलेली बरी, म्हणजे गुण कमी पडले तरी पुन्हा बसायला अवधी राहतो.

प्रश्न : आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ६.५ मिळाले आणि विद्यापीठालाही ६.५च हवेत. तरी अर्ज नाकारला. असं का?

उत्तर : बहुधा एखाद्या भागात गुण कमी असतील. 'एकूण ६.५, कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको' अशी अट असेल आणि लेखनात ५.५ असतील, तर एकूण गुणांचा उपयोग नाही. एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे, पण तो निकाल सगळी विद्यापीठं मानत नाहीत, तेव्हा आधी विचारा. परीक्षा 'अ‍ॅकॅडेमिक' प्रकारची होती ना, हेही पाहा. 'जनरल ट्रेनिंग'वर सहसा प्रवेश मिळत नाही. आयईएल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण २ वर्षं चालतात, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या क्षमता-परीक्षेचे ५ वर्षं. म्हणून जीआरई लवकर दिली तरी चालेल, भाषा-परीक्षा फार आधी देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझा सीजीपीए १० पैकी ८ आहे. जर्मन विद्यापीठ '२.५ किंवा त्याहून चांगले' असं म्हणतं. मी पात्र आहे का?

उत्तर : जर्मन पद्धतीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास, आकडा जितका लहान तितका चांगला. रूपांतरासाठी सहसा 'बव्हेरियन सूत्र' वापरतात. सर्वोच्च शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागा, ३ नं गुणा आणि १ मिळवा. तुमच्याकडे पास व्हायला ४ लागत असतील तर १० वजा ८ म्हणजे २, त्याला ६ नं भागून ३ नं गुणलं की १, अधिक १. उत्तर २.०, म्हणजे तुम्ही पात्र. चूक होते ती किमान गुणांत. तिथे शून्य धरलं तर १.६ असा फसवा, सुंदर आकडा येतो आणि माणूस भलत्याच ठिकाणी अर्ज करून बसतो.

गुणांइतकंच विषयांकडेही बघा. युरोपात वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यास म्हणजे ६० ईसीटीएस क्रेडिट, आणि अनेक मास्टर्सना गणित किंवा मूळ विषयाची ठरावीक क्रेडिटं लागतात. ती दाखवायला नुसती गुणपत्रिका पुरत नाही. प्रत्येक विषयात काय शिकवलं आणि किती तास, हे सांगणारा विद्यापीठाचा अधिकृत अभ्यासक्रम मागवून ठेवा. हा कागद मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

प्रश्न : शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या व्यक्तीकडून घ्यावं का?

उत्तर : ती व्यक्ती तुमच्या कामाबद्दल चार ठोस वाक्यं लिहू शकत असेल तरच. नाहीतर प्रकल्पाला मार्गदर्शन केलेले शिक्षक केव्हाही चांगले. त्यांना किमान दीड महिना आधी सांगा, सोबत बायोडेटा आणि तारखांची यादी द्या. पत्राची लिंक विद्यापीठाकडून थेट त्यांच्या ईमेलवर जाते, तेव्हा पत्ता संस्थेचा असावा आणि स्पॅम फोल्डर तपासायची आठवण करावी.

प्रश्न : पैशांची जुळवाजुळव कधीपासून करायची?

उत्तर : पहिल्या दिवसापासून, कारण व्हिसासाठी रक्कम किती यासोबत ती खात्यात किती दिवस होती हेही बघितलं जातं. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत हवा. मध्ये एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि आता काही इतर विद्यापीठांनीही फी सुरू केली आहे. शिवाय राहण्याच्या खर्चाचा पुरावा म्हणून बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. पैसे तुमचेच राहतात, पण महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. त्यामुळे घराची अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा ठेवा. अमेरिकेत आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) मिळण्यासाठी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते.

शिष्यवृत्तीचं वेळापत्रक प्रवेशाच्याही आधी धावतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज अभ्यासक्रमाच्या जवळजवळ वर्षभर आधी बंद होतात, आणि त्यांना साधारण २ वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती शोधू, असं म्हणणाऱ्यांच्या हाती फारसं काही उरत नाही.

प्रश्न : एजंट 'फुकट' मदत करतो म्हणतो. घ्यावी का?

उत्तर : त्याला कमिशन विद्यापीठांकडून मिळतं, त्यामुळे तो सहसा करार असलेलीच नावं सुचवतो. कागद लावून घ्यायला हरकत नाही, पण यादी तुमची असू द्या. अर्जाचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. अनामत भरण्याआधी व्हिसा नाकारला गेल्यास ती परत मिळते का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.

प्रश्न : पासपोर्टवर आडनाव नाही, गुणपत्रिकेवर आहे. अडेल का?

उत्तर : अडू शकतं. सगळं नाव एकाच रकान्यात असलेल्या पासपोर्टवर अमेरिकेच्या व्हिसात नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) अशी अक्षरं पडतात आणि पुढे बँक खात्यापासून परवान्यापर्यंत तीच मिरवावी लागतात. पासपोर्ट आधी दुरुस्त करा, परीक्षेची नोंदणी नंतर. कारण परीक्षेच्या निकालावर तेव्हाच्या पासपोर्टवरचंच नाव येतं.